मॅफ सेन्सरचा वक्र नव्याने बसवताना: २.० लिटर पेट्रोल इंजिनाच्या कामाच्या नोंदी

इंजिन: चार सिलिंडर, २.० लिटर, टर्बो नसलेले, पोर्ट इंजेक्शन. कॅमशाफ्ट आणि थ्रॉटल बॉडी आधीच बदललेली. ईसीयू (इंजिनाचा संगणक) मूळचाच, पण त्यातले तक्ते वाचून पुन्हा लिहिता येतात. मॅफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) म्हणजे नळीत खुपसायचा हॉट-वायर प्रकार, सिग्नल ० ते ५ व्होल्ट. ईसीयूत या सेन्सरचा वक्र, म्हणजे किती व्होल्टला किती हवा याचा तक्ता, ६४ बिंदूंचा, म्हणजे दर ०.०७८ व्होल्टला एक बिंदू.

काम हाती घेण्याचे कारण असे: ७२०० आरपीएमला फुल थ्रॉटलवर सेन्सर ४.८६ व्होल्ट दाखवतो आणि सिग्नलमधली थरथर धरली तर मधूनच ५ ला टेकतो. ५ ला टेकला की त्यापुढची हवा ईसीयूच्या हिशेबात येतच नाही. जुने इंजेक्टरही तिथे ९० टक्क्यांच्या वर उघडे राहतात. म्हणून ६० मिलिमीटरच्या जागी ६८ मिलिमीटर आतील व्यासाची मॅफची नळी आणि ३३० सीसी प्रति मिनिटचे इंजेक्टर.

४ ऑक्टोबर (२ तास)

सेन्सर काढून साफ केला. मॅफसाठीचाच स्प्रे वापरायचा. कार्बोरेटर क्लीनर त्यातल्या प्लास्टिकला आणि तारेवरच्या लेपाला खातो. तारेला ब्रश, कापूस, बोट काहीही लावायचे नाही. दहा-बारा फवारे मारून अर्धा तास वाळवला, मगच कनेक्टर जोडला. ओल्या तारेला करंट दिला तर सेन्सर जाऊ शकतो.

इंजिन बंद, चावी ऑन, नळीची दोन्ही तोंडे कागदाने झाकलेली: ०.७२ व्होल्ट. हा आकडा लिहून ठेवा. पुढे तार मळली किंवा अर्थ (ग्राउंडची जोडणी) बिघडला की पहिल्यांदा हाच सरकतो. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीला लावू नका, सेन्सरच्या स्वतःच्या अर्थ पिनला लावा. बॅटरीला लावून मोजल्यावर ०.७६ आले होते. हे जास्तीचे ४० मिलिव्होल्ट वायरिंगमधले होते.

तेल लावायचा कापडी एअर फिल्टर काढून कागदी बसवला. जास्त तेल लागलेल्या फिल्टरमधून तेलाचे कण तारेवर बसतात, आणि मग वक्र कितीही नीट बसवला तरी तो महिनाभरही टिकत नाही.

५ ऑक्टोबर (४ तास)

जुन्या नळीवर आणि जुन्या इंजेक्टरवर ट्रिम पाहिल्या. ट्रिम म्हणजे एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर पाहून ईसीयू पेट्रोलमध्ये करतो ती दुरुस्ती, + म्हणजे पेट्रोल वाढवले. आयडलला +९ टक्के, २५०० आरपीएमला +२. चूक आयडलला मोठी आणि हवा वाढेल तशी विरत जाते. सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरत असेल तर असेच दिसते. हिशेबही जुळतो: आयडलची हवा २.६ ग्रॅम प्रति सेकंद, तिचे ९ टक्के म्हणजे जवळपास पाव ग्रॅम. तोच पाव ग्रॅम २५०० ला वाहणाऱ्या १२ ग्रॅममध्ये २ टक्के भरतो.

इनटेकमध्ये धूर सोडला. क्रँककेसच्या ब्रीदर होजला कोपऱ्यात खालच्या बाजूने चीर होती, वरून दिसतच नव्हती. होज बदलल्यावर आयडल +१.५ वर आले.

इथे आणखी एक गोष्ट तपासून घ्या. लॅम्डा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटे लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. ट्रिमचा आकार मग अगदी इनटेकच्या गळतीसारखाच दिसतो. इनटेकमध्ये काही सापडले नाही तर तिथेच अडकून बसू नका. एक्झॉस्टच्या टोकातून व्हॅक्युम क्लीनरने हवा फुंका आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाका.

७ ऑक्टोबर (५ तास)

वाइडबँड (लॅम्डाचा नेमका आकडा देणारा सेन्सर) बसवला, बॉश एलएसयू ४.९. एम१८ बाय १.५ आट्यांचा नट डाउनपाइपवर, कॅटॅलिटिकच्या आधी, घड्याळात दहा ते दोन या काट्यांच्या मधल्या कोनात. खालून लावला तर थंड इंजिनात साठलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडते आणि ते तडकते. सेन्सर जोडलेला असताना हीटर बंद ठेवून इंजिन चालवू नका, काजळी बसते.

पाचपैकी तीन तास एका चुकीत गेले. कंट्रोलरवर लॅम्डा १.०० (हवा आणि पेट्रोल नेमके पूर्ण जळण्याच्या प्रमाणात, त्याखाली पेट्रोल जास्त) आणि लॉगमध्ये, म्हणजे लॉगरने साठवलेल्या नोंदींत, १.०१२. कंट्रोलरचे आउटपुट ० ते ५ व्होल्टला ०.५ ते १.५ लॅम्डा, म्हणजे एका व्होल्टला ०.२. फरक ६० मिलिव्होल्टचा. हीटरचा जाड करंट आणि सिग्नलचा अर्थ एकाच वायरवरून नेला होता. हीटरचा अर्थ इंजिन ब्लॉकवर, ईसीयूच्या अर्थ बोल्टपाशी नेला. सिग्नलचा अर्थ वेगळ्या वायरने थेट लॉगरला दिला. फरक ५ मिलिव्होल्टवर आला. हा सव्वा टक्का राहिला असता तर पुढे तक्त्याच्या प्रत्येक कप्प्यात गेला असता आणि कुणाला कळलेही नसते.

८ ऑक्टोबर (३ तास, त्यातला १ डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर ठेवून इंजिनावर भार देणाऱ्या यंत्रावर)

काहीही बदलण्याआधीचा लॉग. सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच टाळतात.

फुल थ्रॉटलवर ४००० आरपीएमला ७४ ग्रॅम प्रति सेकंद, ७२०० ला १४२. आयडल ७५० आरपीएमला २.६ ग्रॅम, १.२५ व्होल्ट.

आकडे खरे आहेत का, ते ताडून पाहिले. २ लिटर, ४००० आरपीएम: चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा हवा भरते, म्हणून सेकंदाला ६६.७ लिटर. आत येणारी हवा ३० अंशांची, तिची घनता लिटरला सुमारे १.१६ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरला तर ७७.४ ग्रॅम. ७४ म्हणजे सुमारे ९५ टक्के भरण. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे पटण्यासारखे आहे. इथे ११५ टक्के आले असते तर सेन्सरवर किंवा तक्त्यावर संशय घ्यायला हवा होता.

११ ऑक्टोबर (६ तास)

नळी आणि इंजेक्टर एकाच दिवशी बदलले. ही या कामातली सर्वांत महाग चूक. फ्युएल रेल नवी होती आणि तिच्यासोबत प्रेशर रेग्युलेटरही नवा आला होता, तिकडे लक्षच दिले नाही. म्हणजे बदल तीन झाले.

नव्या नळीचा पहिला वक्र क्षेत्रफळाच्या प्रमाणात: ६८ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग, १.२८४. जुन्या तक्त्याचा प्रत्येक बिंदू १.२८४ ने गुणला. इंजेक्टरचा प्रवाह ३३० सीसी लिहिला. डेड टाइमचा (करंट दिल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत वाया जाणाऱ्या वेळेचा) तक्ता जुन्या इंजेक्टरचाच राहिला. लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून साठवलेल्या) पुसल्या. इंजिन पहिल्या चावीला सुरू झाले.

१२ ऑक्टोबर (४ तास)

आकडे पाहून काम संपले असेच वाटावे. आयडल +५, २२०० आरपीएमला सरळ चालताना +२, ३००० ला +०.५. फुल थ्रॉटलवर मागितलेला लॅम्डा ०.८७, मिळालेला ०.८६. आता आयडलचे चार-पाच बिंदू थोडे उचलले की झाले, असा मोह होतो.

पण ४००० आरपीएमला फुल थ्रॉटलवर मॅफ ७०.३ ग्रॅम दाखवत होता. इंजिन तेच, हवा जवळपास त्याच तापमानाची, आणि ८ तारखेला ७४ होते. मोठ्या नळीने हवा कमी व्हायचे काहीच कारण नाही. म्हणजे सेन्सर ५ टक्के कमी वाचतोय, तरीही लॅम्डा बरोबर येतोय. याचा अर्थ पेट्रोलच्या बाजूलाही तेवढीच चूक आहे, फक्त उलट दिशेची.

लॅम्डा फक्त हवा आणि पेट्रोलचे गुणोत्तर सांगतो. दोन्ही आकडे एकाच प्रमाणात चुकले तर तो गप्प बसतो. स्पार्क टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) मात्र गुणोत्तरावर चालत नाही, ते लोडवर चालते, आणि लोड म्हणजे मॅफने सांगितलेली हवा भागिले आरपीएम. हवा ५ टक्के कमी सांगितली की ईसीयू टायमिंगच्या तक्त्यात हलक्या लोडकडे सरकतो. या तक्त्यात ४००० ला तेवढ्या सरकण्याने दीड अंश ॲडव्हान्स वाढत होता, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर पडत होती. गाडी छान ओढते, लॅम्डा नेमका आहे, आणि गरम दिवशी चढावर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू होते. मग लोक टायमिंगचा तक्ता कापत बसतात.

फुल थ्रॉटलच्या फेऱ्या इथेच थांबवल्या. तक्त्यातले टायमिंग सरसकट ४ अंश मागे घेतले आणि वक्र पक्का होईपर्यंत तसेच ठेवले.

१४ ऑक्टोबर (१ तास)

रेलवर गेज लावला. इंजिन आयडलवर, रेग्युलेटरची व्हॅक्युम होज काढून तोंड बंद केलेली: ३.५ बार. इंजेक्टरचे ३३० सीसी हे ३ बारला मोजलेले. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: ३.५ भागिले ३ चे वर्गमूळ १.०८, म्हणजे खरे ३५६ सीसी. ईसीयूच्या हिशेबापेक्षा ८ टक्के पेट्रोल जास्त जात होते आणि मॅफची ५ टक्क्यांची तूट त्यात लपली होती.

३५६ लिहिल्यावर ट्रिम भयंकर दिसू लागल्या: आयडल +१२.५, सरळ चालताना +१०, ३००० ला +८.५. घाबरून मागे फिरू नका, हे आकडे १२ तारखेच्या गोड आकड्यांपेक्षा खरे आहेत. पण या अवस्थेत फुल थ्रॉटल बिलकुल नको. तिथे ट्रिमच्या मदतीवर विसंबता येत नाही आणि लॅम्डा ०.९२ च्या वर जाऊ शकतो.

१५ ऑक्टोबर (५ तास, त्यातले २ डायनोवर)

उरलेल्या चुकीत मॅफचा वाटा किती आणि इंजेक्टरचा किती, हे वेगळे काढायचे. त्यासाठी मॅफचा व्होल्टेज तोच ठेवून इंजेक्टरचा पल्स (तो दर वेळी उघडा राहण्याचा वेळ) बदलायचा. मॅफ चुकीचा असेल तर दोन्हीकडे ट्रिम सारखीच येईल, डेड टाइम चुकीचा असेल तर लहान पल्सला जास्त येईल.

डायनोवर दोन ठिकाणी इंजिन धरले, दोन्हीकडे हवा १६ ग्रॅम प्रति सेकंद:

१५०० आरपीएम, जास्त लोड: डेड टाइम वगळून पल्स ५.१७ मिलिसेकंद, ट्रिम +७.५.

३००० आरपीएम, हलका लोड: पल्स २.५९ मिलिसेकंद, ट्रिम +१०.

व्होल्टेज एकच आणि ट्रिममध्ये अडीच टक्क्यांचा फरक. मॅफचा वक्र कसाही वाकवला तरी हा फरक जाणार नाही. गणित छोटे आहे: १ भागिले २.५९ मधून १ भागिले ५.१७ वजा केले की ०.१९३. ०.०२५ भागिले ०.१९३ म्हणजे ०.१३ मिलिसेकंद. एवढा डेड टाइम कमी लिहिलेला आहे. तक्त्यात १४ व्होल्टला ०.७८ होते (जुन्या इंजेक्टरचे), नव्या इंजेक्टरच्या कागदावर ३ बारला ०.९०. दाब वाढला की डेड टाइम थोडा वाढतो, त्यामुळे ०.९१ पटण्यासारखा आहे. संपूर्ण तक्ता कागदावरून भरला आणि प्रत्येक ओळीत ०.०१ वाढवले.

१२ तारखेला केवळ आयडलचे बिंदू उचलले असते तर हा ०.१३ मिलिसेकंद मॅफच्या वक्रात कायमचा जाऊन बसला असता. पुढे बॅटरीचा व्होल्टेज उतरला की आयडल बिघडले असते आणि कारण सापडले नसते.

खात्री अशी केली: आयडलवर हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी वायर चालू केली. व्होल्टेज १४.१ वरून १३.२. आधी ट्रिम ३ टक्के हलत होती, आता १ च्या आत.

१८ ऑक्टोबर (७ तास)

आता कुठे मॅफच्या वक्राला हात लावायची वेळ आली. दीड तासाचे लॉगिंग, सेकंदाला २० नोंदी, उरलेला वेळ छाननीत. पेट्रोलच्या वाफांचा पर्ज व्हॉल्व्ह लॉगिंगपुरता बंद ठेवला. तो उघडा असेल तर डब्यातली वाफ इंजिनात येते आणि आयडल व हलक्या लोडला ट्रिम खोटीच उणे दिसते.

कोणत्या नोंदी ठेवायच्या: कूलंट ८० अंशांच्या वर, थ्रॉटल किमान ३ सेकंद स्थिर, त्यातला पहिला सेकंद फेकून द्यायचा. हवा मॅफपाशी मोजली जाते आणि तिचा लॅम्डा वाइडबँडपाशी उशिरा पोचतो. आयडलला हा उशीर जवळपास अर्धा सेकंद असतो, मोठ्या प्रवाहाला फार कमी. स्थिर तुकडे निवडले की वेळ जुळवण्याची कटकट राहत नाही. पाय काढल्यावरचा फ्युएल कट, गिअर बदल आणि गाडी उन्हात उभी करून पुन्हा सुरू केल्यानंतरची पहिली पाच मिनिटे वगळली.

प्रत्येक नोंदीचा गुणक असा: मोजलेला लॅम्डा भागिले मागितलेला लॅम्डा, गुणिले शॉर्ट टर्म (त्या क्षणाच्या) ट्रिमचा गुणक, गुणिले लाँग टर्मचा. ट्रिम +३ आणि +४ असतील तर १.०३ गुणिले १.०४. काही ईसीयू ओपन लूपमध्येही (फुल थ्रॉटलसारखे लॅम्डा सेन्सर न पाहता चालताना) लाँग टर्म ट्रिमचा शेवटचा कप्पा लावत राहतात. तो हिशेबात घेतला नाही तर वरच्या सगळ्या बिंदूंवर तेवढ्याच टक्क्यांची चूक बसते. या ईसीयूत तसेच होते, म्हणून लाँग टर्म शिकणे लॉगिंगपुरते बंद केले.

कप्प्यात ५० पेक्षा कमी नोंदी असतील तर तो रिकामा धरला. सरासरीऐवजी मधली किंमत घेतली, एखादी भरकटलेली नोंद मग त्रास देत नाही.

गुणक आले ते: १.१ व्होल्टला १.०४६, २ ला १.०५३, ३ ला १.०५०, ४ ला १.०५८. जवळपास सपाट रेघ. सगळीकडे ५ टक्के का, याचे बरेचसे उत्तर क्षेत्रफळातच आहे. सेन्सरचा दांडा स्वतः जागा अडवतो: रुंदी १८, आतली लांबी ३०, म्हणजे ५४० चौरस मिलिमीटर. ६० च्या नळीत मोकळे २८२७ वजा ५४०, ६८ च्या नळीत ३६३२ वजा ५४०. गुणोत्तर १.३५२. नुसत्या व्यासाच्या १.२८४ पेक्षा हे ५.३ टक्के जास्त. सुरुवातीलाच दांडा वजा केला असता तर पहिलाच वक्र दीड टक्क्याच्या आत बसला असता.

१९ ऑक्टोबर (५ तास, सगळे वाया)

गुणक लावल्यावर वक्रात दोन-तीन ठिकाणी खाचा दिसल्या. तीन-तीन बिंदूंची सरासरी घेऊन वक्र सहा वेळा गुळगुळीत केला. दिसायला सुंदर झाला आणि आयडल ६ टक्के रिच (पेट्रोल जास्त) झाले. डेड टाइम पुन्हा चुकला की काय, म्हणून चार तास तिकडे गेले.

कारण वक्राच्या आकारात आहे. मॅफचा वक्र वर वळत जातो, इथे प्रवाह साधारण व्होल्टेजच्या घनाने वाढतो. अशा वक्रावर शेजारच्या बिंदूंची सरासरी मधल्या बिंदूपेक्षा नेहमी जास्तच येते. ०.०७८ व्होल्टच्या अंतराने १.१३ व्होल्टला दर फेरीत जवळपास १ टक्का वाढतो, ४ व्होल्टला ०.१ टक्काही नाही. म्हणून घाव फक्त आयडलवर बसला.

योग्य रीत: वक्राला हात लावू नका, गुणकांची रेघ गुळगुळीत करा. ती सपाट असते, तिथे सरासरीने काही बिघडत नाही. रिकाम्या कप्प्यांना शेजारचा गुणक द्या, मग मूळ वक्राला गुणा. या रेघेत टोकदार उंचवटा दिसला तर तो पुसण्याआधी कारण शोधा. हवेचा सेन्सर एकाच व्होल्टेजला अचानक ५ टक्के चुकत नाही.

२२ ऑक्टोबर (३ तास)

बॅटरीच्या स्टँडला घासते म्हणून नळी क्लॅम्पमध्ये २० अंश फिरवली. मधल्या भागात ट्रिम सरळ +६. फिल्टरनंतर लगेच वळण आहे, वळणाच्या बाहेरच्या अंगाने हवा वेगाने जाते, आणि सेन्सरला तिचा छोटासा तुकडाच दिसतो. तो तुकडा कोणता, हे फिरवल्यावर बदलले.

नळी मूळ कोनात आणली आणि स्टँडच कापला. नळीवर आणि होजवर एकच रंगाची रेघ ओढली, क्लॅम्प खोलला तरी कोन चुकू नये म्हणून. सेन्सरच्या आधी नळीच्या व्यासाच्या दहापट सरळ लांबी मिळाली तर उत्तमच, पण बॉनेटखाली ती कुणालाच मिळत नाही. चार-पाच पट मिळाली आणि जाळी जागेवर असली तर वक्र निदान रोज सारखा राहतो. मूळ नळीतली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी हवेला अडथळा म्हणून काढू नका.

२५ ऑक्टोबर (६ तास, त्यातले ३ डायनोवर)

फुल थ्रॉटल. डायनोवरच, नॉकचा आवाज कानाला लावून, टायमिंग १२ तारखेपासूनचे ४ अंश मागेच. रहदारीच्या रस्त्यावर हे करू नका. लॅपटॉप बघत गाडी चालवणे तर मुळीच नको.

३००० च्या वर सगळे दीड टक्क्याच्या आत. ४००० ला ७४.३ ग्रॅम, जुन्या लॉगशी जुळले. ७२०० ला १४२ ग्रॅम, ४.३७ व्होल्ट.

१८०० ते २४०० मध्ये मात्र मागितला ०.९०, आला ०.८३. मॅफ ८ टक्के जास्त सांगतोय. व्होल्टेज २.६५ ते २.७५. त्याच व्होल्टेजला ३८०० आरपीएमवर अर्ध्या थ्रॉटलच्या नोंदी मात्र १ टक्क्याच्या आत. एकाच कप्प्यात नोंदींचे दोन वेगळे पुंजके.

थ्रॉटलची बटरफ्लाय पूर्ण उघडी असताना कमी आरपीएमला इनटेकमधली हवा मागेपुढे डोलते. साध्या हॉट वायरला दिशा कळत नाही. मागे जाणारी हवाही ती पुढे गेली असेच मोजते, आणि तीच हवा परत आली की पुन्हा मोजते. कॅम जितका मोठा तितके हे जास्त. लॉगवर स्वयंचलित दुरुस्ती चालवली असती तर दोन पुंजक्यांची सरासरी घेऊन दोन्हीकडे ४ टक्क्यांची चूक घातली असती.

वक्र तसाच ठेवला, उपाय लोखंडात केला. सेन्सर थ्रॉटलपासून १८० मिलिमीटरवर होता, तो फिल्टरच्या दिशेला २६० मिलिमीटर मागे नेला आणि काढून टाकलेला मूळ रेझोनेटरचा डबा परत लावला. ८ चे ३ टक्के झाले. उरलेले ३ फुल थ्रॉटलच्या लॅम्डा तक्त्यात फक्त १८०० ते २४०० च्या कप्प्यांत सावरले. तिथे लोड किंचित जास्त दिसतो, म्हणजे टायमिंग किंचित मागे राहते. ही चूक सुरक्षित बाजूची, तेवढी राहू दिली.

सेन्सर हलवला म्हणून स्थिर नोंदींचे लॉगिंग पुन्हा केले. २ ते ३ व्होल्टच्या भागात १ टक्क्याचा बदल निघाला, तो लावला.

२८ ऑक्टोबर (१ तास)

सकाळी सगळ्या कप्प्यांत +४. आयडल, क्रूझ, वरचा भाग, सगळीकडे सारखेच. एवढी सारखी चूक मॅफची नसते, गळतीचीही नसते. ती पेट्रोलच्या दाबाची असते किंवा पेट्रोलचीच. दाब ३.५ बारच होता. आदल्या दिवशी टाकी वेगळ्या मिश्रणाने भरली होती. इथेनॉल १० टक्के असेल तर पूर्ण जळण्याचे प्रमाण सुमारे १४.१ ला १, २० टक्के असेल तर सुमारे १३.५. फरक ४ टक्क्यांचा, तंतोतंत. वक्राला हात लावला नाही. वक्राचे सगळे लॉगिंग एकाच टाकीवर पुरे करा. ते जमत नसेल तर निदान टाकी कधी भरली ते लॉगवर लिहा.

१ नोव्हेंबर (४ तास)

टायमिंग एकेक अंशाने तक्त्याच्या मूळ जागी आणले, प्रत्येक पायरीला डायनोवर दोन फेऱ्या. नॉक नाही. टायमिंगचा तक्ता कुठेही कापावा लागला नाही.

अंतिम वक्रातले काही बिंदू, आधी जुनी नळी मग नवी, ग्रॅम प्रति सेकंदात:

१.२५ व्होल्ट: २.६, ३.५
२.०० व्होल्ट: १०.५, १४.२
३.०० व्होल्ट: ३६, ४८.५
४.०० व्होल्ट: ८२, १११.५
४.५० व्होल्ट: ११३, १५४

हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. दुसऱ्या सेन्सरला, दुसऱ्या वळणाला, दुसऱ्या फिल्टरला ते लागू पडणार नाहीत. १.३५ च्या आसपास राहणारे गुणोत्तर मात्र पाहून ठेवा. तुमच्याकडे ते व्होल्टेजसोबत वरखाली उड्या मारत असेल तर वक्रात दुसऱ्या कुणाची तरी चूक शिरली आहे.

मोठ्या नळीची किंमत आयडलला मोजावी लागली. व्होल्टेज १.२५ वरून १.१३ वर उतरला. ईसीयू ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, एक भाग ४.९ मिलिव्होल्ट. १.१३ व्होल्टला एका भागाने प्रवाह १.३ टक्के हलतो, ४.३७ ला ०.३ टक्के. थंड इंजिनाचे आयडल त्यामुळे थोडे डोलते. आयडलच्या टायमिंगची दुरुस्ती थोडी वाढवून ते ४० आरपीएमच्या आत आणले आहे. ६८ पेक्षा मोठी नळी घेतली असती तर एवढ्यावरही थांबले नसते. या इंजिनाला ६५ पुरली असती.